वायरमनने बी.एड. करावं का?

पत्राचा सारांश: पत्रलेखक सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे, वय ३५. बारावी कला शाखेतून, मग आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड. सहा वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला काढली, गेली नऊ वर्षं स्वतःचं काम आहे: घरांचं वायरिंग, शेतातल्या मोटारींचं रिवाइंडिंग, हाताखाली दोन पोरं. मधल्या काळात मुक्त विद्यापीठातून मराठी आणि इतिहास घेऊन बी.ए. केलं, ५२ टक्के मिळाले. आता त्यांना हायस्कूलमध्ये शिक्षक व्हायचं आहे. समोर तीन वाटा आहेत. एक, काम बंद करून दोन वर्षांचं बी.एड. दुसरी, गावातल्या अनुदानित शाळेचे मुख्याध्यापक म्हणतात, 'आमच्याकडे नववी-दहावीला मल्टी स्किल विषय आहे, प्रशिक्षक सोडून गेलाय, मानधनावर या.' तिसरी, एक ओळखीचे गृहस्थ 'संस्थेत कायम करून देतो' म्हणून काही लाख मागतात. पत्रात दोन वाक्यं आणखी आहेत: 'किती दिवस हात काळे करायचे?' आणि 'मुलगा सातवीत आहे. वडील काय करतात असं शाळेत विचारलं की तो गप्प बसतो.'

तिसऱ्या वाटेचं आधी मिटवून टाकू. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाची भरती शासनाच्या 'पवित्र' या ऑनलाइन पोर्टलवरून होते. संस्थेने मुलाखत घेण्याचा पर्याय निवडला तरी मुलाखतीला कोणाला बोलवायचं ती यादी पोर्टलवरूनच येते. बी.एड. नसलेल्या, अभियोग्यता चाचणी (शिक्षक भरतीची परीक्षा) न दिलेल्या माणसाला त्या यादीत बसवणं कुणाच्याही ओळखीने होत नाही. झालं तर ते कागद खोटे असतात. नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडीचं (शिक्षकाचा पगार ज्या क्रमांकावर निघतो तो) प्रकरण २०२५ मध्ये उघडकीला आलं, ते तुम्ही पेपरात वाचलं असेलच. त्या गृहस्थांना नमस्कार करा आणि विषय बदला.

आता बी.एड. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि सगळं गणित तिच्यावर उभं आहे: बी.एड. केलं की मी शाळेत माझी विद्या शिकवीन. तसं होणार नाही. बी.एड.ला तुमची अध्यापन पद्धती पदवीच्या विषयावरून ठरते. तुमची पदवी मराठी-इतिहासाची आहे. म्हणजे दोन वर्षांनी तुम्ही जे शिक्षक व्हाल ते मराठीचे किंवा इतिहासाचे. पंधरा वर्षं हाताने जे कमावलं ते स्टाफरूममधली ट्यूबलाइट गेली की उपयोगी पडेल, आणि मुख्याध्यापक तुम्हालाच हाक मारतील. यात वाईट काही नाही. तुम्हाला खरोखर मराठी शिकवायचं असेल, नववीच्या वर्गात कविता लावून सांगावी असं मनात असेल, तर बी.एड. हीच योग्य वाट. पण तुमच्या चार पानी पत्रात मराठी किंवा इतिहास शिकवण्याबद्दल एक ओळ नाही. मोटारीचं स्टार-डेल्टा कनेक्शन मदतनिसाला कसं समजावलं त्याबद्दल मात्र पाऊण पान आहे. हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

तरीही या वाटेचा हिशेब मांडून पाहू, कारण सल्ला विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात हीच वाट पहिली असते. खुल्या प्रवर्गासाठी पदवीला ५० टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत. प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा, ती वर्षातून एकदा. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा आहे. त्यात वर्गाला किमान ८० टक्के आणि शाळेतल्या अनुभव-कार्याला ९० टक्के हजेरी लागते. 'नाव घालून ठेवा, परीक्षेला या' असं सांगणारं कॉलेज निघेल, पण ज्या वीस आठवड्यांत तुम्ही वर्गावर उभं राहायला शिकणार, नेमकं तेच तिथे बुडतं. बी.एड. झाल्यावर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: १२० मिनिटांत २०० प्रश्न. अडचण परीक्षेच्या काठिण्यापेक्षा ती कधी होते याची आहे. पहिली २०१७ च्या डिसेंबरात झाली, पुढची २०२३ च्या सुरुवातीला, त्यानंतरची २०२५ मध्ये. एकदा पाच वर्षं खंड, एकदा दोन. तुम्ही आज ३५. यंदाचा प्रवेश मिळाला तरी बाहेर पडताना ३७. शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या पदांना सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागास प्रवर्गांना ४३. खुल्यातून असाल तर हातात एखादी चाचणी आली तर आली. शाळेला आठवीपर्यंतच्या वर्गांचं पद भरायचं असेल तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, वेगळी. निवड झाली तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, माध्यमिकला मानधन महिना १८,००० रुपये, त्यानंतर वेतनश्रेणी, मूळ वेतन ३८,६०० पासून. तो शेवटचा आकडाच तेवढा लोकांच्या डोळ्यांसमोर असतो. मधली पाच ते आठ वर्षं घर कशावर चालणार, हे कागदावर लिहून घरच्यांसमोर ठेवा. मनातल्या मनात मांडलेला हिशेब नेहमी जुळतो.

राहिली मुख्याध्यापकांची वाट. माझा कल हिच्याकडे आहे, पण अर्धाच.

'शाळेत शिकवणं' या एका शब्दाखाली महाराष्ट्रात चार-पाच वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत. पोर्टलवरून आलेला पूर्णवेळ शिक्षक ही एक. सहावी ते आठवीत शंभरहून जास्त मुलं असतील तर शिक्षण हक्क कायद्यानुसार कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असतो, ती दुसरी. समग्र शिक्षा योजनेखाली नववीपासून जे व्यवसाय विषय चालतात त्यांचा प्रशिक्षक ही तिसरी. पाबळच्या विज्ञान आश्रमातून सुरू झालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा आठवी ते दहावीचा विषय ज्या शाळांत चालतो तिथले स्थानिक निदेशक ही चौथी. शिवाय शासनाच्या तांत्रिक विद्यालयांतली पदं आहेत, ती व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत. मुख्याध्यापक तुम्हाला देऊ करतात ती बहुधा तिसऱ्या प्रकारची. या प्रशिक्षकाला नेमणारी सहसा शाळा नसतेच. शासनाने ठरवलेली खासगी प्रशिक्षण संस्था असते. हजेरी शाळेत, पगार संस्थेकडून, नियम योजनेचे. मुख्याध्यापकांनी 'या' म्हटलं त्यात त्यांचा सद्भाव शंभर टक्के असेल, अधिकार मात्र थोडाच आहे.

म्हणून हो म्हणण्याआधी नेमणूकपत्रावर सही कोणाची ते बघा. वर्षातले किती महिने मानधन मिळतं ते विचारा: दहा, अकरा की बारा. मागचा प्रशिक्षक का गेला, हे मुख्याध्यापकांना विचारूच नका. त्या प्रशिक्षकालाच फोन करा. मानधन दर महिन्याला येतं की तीन-चार महिन्यांचं एकदम, हे तो एका वाक्यात सांगेल. भविष्य निर्वाह निधी कापतात का, कच्च्या मालासाठी वर्षाला किती पैसे येतात आणि ते कोणाच्या सहीने खर्च होतात, हेही त्यालाच ठाऊक. शिवाय पात्रता: कुठे डिप्लोमा लागतो, कुठे आयटीआय आणि अनुभव चालतो, ते विषयागणिक वेगळं आहे. तुमची कागदपत्रं त्या विषयाच्या अटीत बसतात असं लेखी उत्तर संस्थेकडून घ्या.

आणखी एक. मल्टी स्किल म्हणजे फक्त वीज नव्हे. त्यात चार भाग असतात: वर्कशॉप आणि अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, बागकाम-रोपवाटिका-शेती, अन्नप्रक्रिया. वेल्डिंगचा टाका तुम्हाला येत असेल, पण पेरूची जेली आणि डोळा भरून कलम बांधणं? काही जण इथे नाराज होऊन सोडतात. खरं म्हणजे गावात या गोष्टी येणारी माणसं असतात. नर्सरीवाल्याला दोन तास बोलावता येतं, बचत गटातल्या ताईंना अन्नप्रक्रियेसाठी आणता येतं. पण ते जुळवून आणणं हा कामाचाच भाग आहे, आणि तुमचा स्वभाव एकट्याने काम उरकण्याचा असेल तर जड जातं.

तुमच्या धंद्याचं वेळापत्रकही शाळेशेजारी ठेवून पाहा. मोटारी जळतात फेब्रुवारीपासून मेपर्यंत: पाणी खोल जातं, व्होल्टेज पडतं, एक फेज जातो तरी मोटार चालूच राहते. दहावीची प्रात्यक्षिकं साधारण त्याच सुमारास असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्हीकडून ओढाताण होणार. मेमध्ये मात्र शाळा बंद आणि तुमचा हंगाम ऐन भरात. मानधन अकराच महिन्यांचं असलं तरी तुम्हाला ते इतरांइतकं बोचणार नाही. दोन मदतनिसांपैकी एकाला रिवाइंडिंग पूर्ण हाताळता येत असेल, म्हणजे जुन्या कॉइलचे टर्न मोजण्यापासून वॉर्निश देऊन सुकवण्यापर्यंत, तर दिवसा तो, संध्याकाळी तुम्ही असं चालेल. येत नसेल तर शाळेचा विचार करण्याआधी त्याला शिकवा. ती तुमची पहिली परीक्षाही होईल. आणि वायरमनचा परवाना कोणत्याही परिस्थितीत चालू ठेवा, नूतनीकरण चुकवू नका. पुढे कधी अनुदानित शाळेत पूर्णवेळ शिक्षक झालात तर गोष्ट वेगळी. तिथे सेवाशर्तींच्या नियमांप्रमाणे परवानगीशिवाय दुसरा धंदा करता येत नाही.

आता एक वाट, जिचा तुम्ही पत्रात उल्लेखच केलेला नाही. ज्या आयटीआयमध्ये तुम्ही शिकलात तिथल्या निदेशकांना आठवा. केंद्र सरकारची शिल्प निदेशक प्रशिक्षण योजना आहे, सगळे तिला सीआयटीएस म्हणतात. आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र असणाऱ्याला त्यात प्रवेश घेता येतो, त्यासाठी देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असते. मुदत एक वर्ष. मुंबईत चुनाभट्टीला राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे, इतरही संस्थांत चालतं. त्या वर्षात आपल्या ट्रेडच्या जोडीला शिकवण्याचं तंत्र शिकवतात: पाठाचं टाचण, प्रात्यक्षिक कसं दाखवायचं, कामाचे गुण कसे द्यायचे. इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या निदेशकासाठी पदवीवाल्याला एक वर्षाचा अनुभव लागतो, डिप्लोमावाल्याला दोन, आयटीआयवाल्याला तीन. तुमच्याकडे पंधरा आहेत. दोन तुकड्यांसाठी दोन निदेशक असतील तर एक पदवी किंवा डिप्लोमावाला आणि एक आयटीआयवाला असावा, आणि दोघांकडेही सीआयटीएस हवं, असं अभ्यासक्रमातच लिहिलेलं आहे. म्हणजे तुमच्यासारख्या माणसासाठी तिथे जागा मुद्दाम ठेवलेली आहे. समोर मुलं पंधरा-सोळा वर्षांपासूनची, दहावी नुकतीच झालेली, एका तुकडीत वीस. हायस्कूलमध्ये चाळीस-पन्नास असतात.

तुम्ही म्हणाल, ते हायस्कूल नव्हे. बरोबर. म्हणूनच प्रश्न आहे: तुम्हाला हायस्कूल हवं आहे की विद्यार्थी हवे आहेत?

'हात काळे' हे तुमचे शब्द. मुलगा गप्प बसतो ते वाचून वाईट वाटलं, आणि त्याला किंवा तुम्हाला दोष देण्याचा प्रश्नच नाही. आपल्याकडे कारागिराला कामापुरता मान असतो. पण याच भावनेने तुम्ही व्यवसाय विषयाच्या वर्गात गेलात तर एक अडचण येईल. नववीची मुलं फार लवकर ओळखतात की समोरचा माणूस आपला विषय मानतो की त्यातून सुटका शोधतो आहे. व्यवसाय विषय घेतलेल्या मुलांना बऱ्याच शाळांत आधीच 'ढ तुकडी' म्हणून बघतात. त्यांच्यासमोर उभा राहणारा मास्तरच 'मी यातून बाहेर पडलो' असा असेल तर ती काय घेतील? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात व्यवसाय शिक्षणाला मुख्य प्रवाहात आणायचं लिहिलं आहे, सीबीएसईने आपल्या शाळांना कौशल्यांसाठी ६०० चौरस फुटांची संमिश्र प्रयोगशाळा सांगितली आहे. कागद पुढे गेले आहेत. वर्गात ते खरं करायला धंद्याची लाज नसलेली माणसं लागतील. तुम्ही त्यातले आहात की नाही हे मला पत्रावरून नक्की सांगता येत नाही. ते पाऊण पान स्टार-डेल्टावर आहे, त्यावरून वाटतं की आहात.

दुसरं गृहीतक: काम येतं म्हणजे शिकवता येईल. इथे जरा सविस्तर, कारण वेल्डर, प्लंबर, सुतार, शिवणकाम करणाऱ्या ताई, सगळ्यांचा पाय इथेच घसरतो. ज्याचा हात बसलेला असतो त्याला आपण काय करतो हे दिसेनासं होतं. जिन्यातल्या दिव्याची जोडणी घ्या: दिवा एक, खटके दोन, एक वर आणि एक खाली. तुम्ही डोळे मिटून कराल. वर्गात सांगाल, 'फेज इथे, हे दोन तार इकडून तिकडे, इथून दिव्याला.' चाळीस मुलं मान डोलावतील. मग चाळीसपैकी बरीच फेजची तार टू-वे स्विचच्या मधल्या टर्मिनलऐवजी कडेच्या टर्मिनलला लावतील, कारण मधलं टर्मिनल वेगळं का आहे ते तुम्ही बोललातच नाही. आणि गंमत अशी की दिवा लागेल! दोन स्विचच्या वर-खाली अशा चार स्थिती होतात; बरोबर जोडणीत दिवा त्यातल्या दोन स्थितींत लागतो, या चुकीच्या जोडणीत एकाच. मूल एकदा खटका दाबतं, लागला म्हणून ओरडतं, आणि तुम्ही पुढच्या गटाकडे जाता. म्हणून जोडणीआधी चार रकान्यांचा तक्ता फळ्यावर काढा, वर-वर, वर-खाली, खाली-वर, खाली-खाली, आणि चारही स्थिती तपासून भरल्याशिवाय कुणाचं काम पूर्ण धरू नका. न्यूट्रल स्विचमधून नेला तरी दिवा व्यवस्थित लागतो, ही त्याच्याही पुढची चूक. दिवा लागला म्हणजे जोडणी बरोबर, हा समज मोडणं हाच खरा धडा आहे.

हा तास घ्यायला सामान काय लागेल? चाळीस मुलं, पाच-पाचचे आठ गट. प्रत्येकाला दोन फूट बाय दीड फूट प्लायवूडचा बोर्ड, १२ मिलिमीटर जाडीचा; त्यावर दोन टू-वे स्विच, एक बॅटन होल्डर. मुलांच्या हातात २३० व्होल्ट द्यायचे नाहीत, एकदाही नाहीत. १२ व्होल्टचा ५ वॉटचा एलईडी दिवा सोलरच्या दुकानात मिळतो, त्याला ०.४ अँपिअरच्या आसपास लागतं. १२ व्होल्ट १ अँपिअरचा ॲडाप्टर पुरतो. एक चौरस मिलिमीटरची तार, एका बोर्डाला चार मीटर, म्हणजे आठांना ३२. ९० मीटरच्या एका बंडलात जवळपास तीन वेळच्या तारा निघतात, आणि त्याच पुन्हा पुन्हा वापरता येतील असं वाटेल, पण तसं होत नाही. दर वेळी मुलं टोक सोलतात, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जातो, पाच-सहा वर्गांनंतर तारा पोचेनाशा होतात. त्यापेक्षा तारा मापात कापून दोन्ही टोकांना पिन लग (तारेच्या टोकाला बसणारी धातूची पिन) दाबून ठेवा. सोलण्याचा सराव टाकाऊ तुकड्यांवर वेगळा घ्या, सुरीने नाही, स्ट्रिपरने. तारांना रंगाबरोबर क्रमांकाची पट्टीही लावा; लाल-हिरवा न ओळखणारा मुलगा एखाद्या तुकडीत निघतोच, आणि तो सांगत नाही.

३५ मिनिटांच्या तासात हे बसत नाही, जोडतास मागून घ्या. दहा मिनिटं दाखवण्यात, पाच वाटपात, पस्तीस कामाला, दहा तपासणीला, दहा सामान मोजून परत घ्यायला. शेवटची दहा मिनिटं नवे शिक्षक हमखास विसरतात. घंटा होते, मुलं पळतात, आणि आठ पकडींच्या सात होतात. हत्यारं टांगायच्या फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढून ठेवली की रिकामी जागा दारातूनच दिसते. दाखवायचं कसं, तर एकदा काही न बोलता करून दाखवा. दुसऱ्यांदा करताना बोला. तिसऱ्यांदा तुम्ही हात चालवा आणि बोलायला मुलांना लावा. कुठे अडखळतात तिथे तुमचं सांगणं कच्चं होतं. मग बोर्ड त्यांच्या हाती. आणि त्यांचं चुकलं की हातातून पक्कड काढून स्वतः दुरुस्त करायचा मोह आवरा. साइटवर वेळ वाचवायला ती सवय चांगली, इथे घातक.

शाळेचं वायरिंग पहिल्याच आठवड्यात स्वतः तपासा. अर्थिंग आहे का, की नुसता तीन पिनांचा सॉकेट आहे? प्रयोगखोलीच्या पुरवठ्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा ब्रेकर) बसवून घ्या, टेस्ट बटण दर महिन्याला दाबा, तारीख लिहा. आणि मुलांना खरं ते सांगा: तो फेज आणि न्यूट्रलमधल्या प्रवाहातला फरक पाहतो. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर फरकच पडत नाही, तो उडणार नाही. 'ब्रेकर आहे, काही होत नाही' हे वाक्य वर्गात कधीच उच्चारू नका.

वागण्याबद्दल दोनच गोष्टी. साइटवरची भाषा दारात सोडावी लागते. मदतनिसाला मारलेली टपली इथे शारीरिक शिक्षा ठरते आणि कायद्याने तिला बंदी आहे. प्रयोगखोलीत एकट्या विद्यार्थ्यासोबत दार लावून काम करायचं नाही, कितीही निकड असली तरी.

तर मग काय करायचं? आज काहीच सोडू नका. सहावी ते आठवीला वर्षातले दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्यात मुलांनी गावातल्या कारागिरांबरोबर काम करावं, असं नव्या धोरणात आहे. मुख्याध्यापकांना म्हणा, मी सहा तास घेतो, मानधन नको, पण मागच्या बाकावर विज्ञानाचे एक शिक्षक बसू देत आणि तासानंतर मला खरं काय ते सांगू देत. विषय तुमचे: फ्यूज आणि एमसीबी, वीजबिल वाचणं, एक्स्टेंशन बोर्ड का तापतो, मग जिन्यातला दिवा. सहावा तास संपल्यावर तुम्ही दमलेले असाल. त्या रात्री सातव्या तासाला काय घ्यायचं हे आपोआप डोक्यात येतं का, बघा. येत असेल तर सीआयटीएसच्या प्रवेशाकडे लक्ष ठेवा आणि दरम्यान, वरचे सगळे प्रश्न विचारून समाधान झालं तर, मल्टी स्किलचं काम एक वर्ष करून पाहा. तीन महिने मानधन आलं नाही तरी चालेल एवढी रक्कम बाजूला असेल तरच. सहा तासांत जीव नकोसा झाला, तर स्वस्तात सुटलात. धंदा वाढवा, परवाना ठेकेदाराचा करता येतो का ते पाहा.

या पत्रासारखी आणखीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. डिप्लोमा असेल तर निदेशकपदाची वाट तुम्हाला आणखी सोपी. अभियांत्रिकीची पदवी असेल तर बी.एड.ला विज्ञान-गणिताच्या पायावर जाता येतं, पण ५५ टक्क्यांची अट आहे. दहावीनंतर थेट दोन वर्षांचा आयटीआय केला असेल तर भाषेची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता घेण्याची सोय आहे. ती आधी उरका, पुढची बरीच दारं त्यावाचून अडतात. शिवणकाम, ब्युटी पार्लर करणाऱ्या ताईंनी अनुभवाचा पुरावा आजपासून जमवायला लागावं: उद्यम नोंदणी, बिलं, बँकेचं खातं. 'वीस वर्षं करते' या वाक्याला फाइलमध्ये जागा नसते.

आणि हो, ते सहा तास मागताना एक सांभाळा. तुमचा मुलगा त्याच शाळेत सातवीत असेल, तर त्याची तुकडी घेऊ नका. शेजारच्या तुकडीवर जा. जिन्यातला दिवा कोणी लावून दाखवला, हे त्याला मधल्या सुट्टीत दुसऱ्या मुलांकडून कळू द्या.